खोका आधी रद्दीवाल्याचा, मग झाडाचा

आपल्याकडे शेतीत 'मल्चिंग पेपर' हा शब्द इतका रुळला आहे की त्यातला पेपर हा पेपर नसून प्लॅस्टिक आहे, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. कृषी सेवा केंद्रात जाऊन मल्चिंग पेपर मागा. दुकानदार एका बाजूने चंदेरी, दुसऱ्या बाजूने काळ्या प्लॅस्टिकचा रोल समोर ठेवील. मिरची, टोमॅटो, कलिंगड, खरबूज लावणारे शेतकरी तो गादीवाफ्यावर ताणून अंथरतात, ठराविक अंतरावर भोके पाडतात आणि त्यात रोप लावतात. त्यासाठी सरकारी अनुदानही मिळते. फायदे खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पाणी वाचते, तण कमी होते, खुरपणीचा खर्च उतरतो. पण हंगाम संपला की त्या पातळ प्लॅस्टिकच्या चिंध्या होतात. निम्म्या मातीत राहतात, निम्म्या गोळा करून बांधावर पेटवल्या जातात. कुणाही शेतकऱ्याला विचारा, नांगराच्या फाळाला त्या गुंडाळल्या जातात की नाही ते.

मग खऱ्या कागदाचे काय? जुन्या खोक्यांचा पुठ्ठा, वर्तमानपत्रे, कार्यालयांतल्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या कागदाच्या पट्ट्या, यांनी माती झाकता येते का? येते. परदेशात घरामागे बाग करणारे लोक हे बऱ्याच काळापासून करत आले आहेत, आणि त्यांचे व्हिडिओ पाहून आपल्याकडे गच्चीवर बाग करणारेही करू लागले आहेत. तण आले तिथे खोके उलगडून अंथरायचे, पाणी मारायचे, वर पालापाचोळा टाकायचा. उजेड न मिळाल्याने खालचे गवत मरते, माती ओली राहते, काही महिन्यांत पुठ्ठा मऊ पडतो आणि गांडुळे त्याची माती करतात. कागद हा मुळात लाकडाचा, उसाच्या चिपाडाचा किंवा गवताचा लगदा. तो मातीतून आला, मातीत जातो. इथपर्यंत कुणाचा वाद असण्याचे कारण नाही.

माझा वाद आहे तो त्या व्हिडिओंमधल्या एका वाक्याशी. ते म्हणतात, पुठ्ठा फुकट मिळतो, कारण तो कचरा आहे. त्यांच्याकडे असेल. आपल्याकडे पुठ्ठा कचरा नाही, तो कुणाच्या तरी संध्याकाळच्या चुलीचा हिशेब आहे. किराणा दुकानाच्या मागे सकाळी पडलेला खोका दुपारपर्यंत तिथे दिसत नाही. कागद वेचणाऱ्या बाईने तो उचललेला असतो, दुकानाच्या नोकराने स्वतःच्या चहापाण्यासाठी बाजूला ठेवलेला असतो किंवा हातगाडीवाला भंगारवाला वजन करून घेऊन गेलेला असतो. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली तेव्हा तिचे नावच ठेवले गेले 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. त्या नावात पहिला शब्द कागद आहे. धारावीतला तेरा कंपाउंड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. आणि आपल्या समाजात तर रद्दी-भंगाराच्या धंद्यात नात्यातला कुणी ना कुणी असतोच. कुणाचे चाचा, कुणाचे मामू, कुणाच्या अब्बांनीच सायकलवर फिरून दुकान उभे केलेले.

हा पुठ्ठा गिरणीत जातो आणि त्याचा पुन्हा तपकिरी कागद होतो, त्याचे पुन्हा खोके. आपल्या देशातले बहुतेक खोके असेच जुन्या खोक्यांपासून बनतात, आणि तरीही गिरण्यांना माल कमी पडतो म्हणून परदेशातून रद्दी जहाजाने आणावी लागते. अशा वेळी कोरडा, स्वच्छ, विकला जाणारा पुठ्ठा बागेत अंथरणे ही मला पर्यावरणाची सेवा वाटत नाही. एकाच्या ताटातले काढून दुसऱ्याच्या कुंडीत टाकल्यासारखे ते आहे. म्हणून माझे म्हणणे साधे आहे: खोक्यावर पहिला हक्क रद्दीवाल्याचा. तो जे घेत नाही, ते मातीचे.

आणि तो जे घेत नाही, ते थोडेथोडके नसते. भिजलेला पुठ्ठा तो घेत नाही, कारण पाण्याचे वजन त्याच्या माथी बसते आणि माल सडतो. फळबाजारात द्राक्षे-केळ्यांच्या रसाने चिकट झालेली, पायाखाली दबलेली खोकी तो बाजूला टाकतो. यंत्रातून बारीक कातरलेला कागद बहुतेक जण नाकारतात. त्याचे गठ्ठे नीट बांधता येत नाहीत, वाऱ्याने उडतो, आणि कापताना त्यातले धागे आखूड झाल्यामुळे गिरणीलाही त्याची फारशी ओढ नसते. झेरॉक्सची दुकाने, वकिलांची ऑफिसे, पतसंस्था अशा ठिकाणी या पट्ट्यांची पोतीच्या पोती भरतात. या सगळ्याचे शेवटी काय होते? कोपऱ्यात ढीग करून काडी लावली जाते. धूर मोहल्ल्यात, आणि खोकला त्याच मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना. मातीशी ज्याची गाठ घालून द्यायला हवी, तो माल हा आहे.

आता तो कुठे वापरायचा? दोन-चार एकर शेतीला हे जमणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. एवढा पुठ्ठा कुणी आणायचा आणि कुणी अंथरायचा? शेताला शेतातलेच आच्छादन योग्य. ऊसवाल्यांनी पाचट जाळू नये, सरीत ठेवावे, हे कृषी विभाग कधीपासून सांगतो आहे. सोयाबीनचा भुसकट, गव्हाचा काड आहेच. अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी तर आपल्या शेतीपद्धतीच्या चार खांबांपैकी एक आच्छादनाचा मानला. कागद-पुठ्ठा हे परसातले, शाळेच्या आवारातले, मशिदीच्या अंगणातले काम आहे. आणि माझ्या मते सगळ्यात आधी ते कब्रस्तानातले काम आहे.

कब्रस्तानाविषयी आपण बोलतो तेव्हा काय बोलतो? जागा कमी पडते, अतिक्रमण झाले, संरक्षक भिंतीचा निधी आला की नाही. हे प्रश्न आहेतच आणि ते लढवलेच पाहिजेत. पण दर पावसाळ्यात गावोगावच्या कब्रस्तानांत नवी पोरे रोपे लावतात, नगरसेवक येतो, फोटो निघतात, झाड लावण्याच्या सवाबाची हदीस मौलाना सांगतात, आणि पुढच्या मे महिन्यात त्या रोपांच्या जागी वाळक्या काटक्या उभ्या असतात, याची चर्चा कुठल्याच कमिटीच्या बैठकीत होत नाही. रोप ऑगस्टमध्ये लावणे सोपे आहे. ते मार्च ते जून जगवणे हे खरे काम. मराठवाड्यात, सोलापूर-नगरच्या पट्ट्यात जिथे प्यायच्या पाण्याचाच टँकर येतो, तिथे कब्रस्तानातल्या कडुनिंबाला रोज पाणी कोण घालणार? काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भेगांतून उरलेली ओल उडून जाते आणि रोपाच्या कोवळ्या मुळ्या तुटतात. अशा वेळी बुंध्याभोवतीची तीन फूट माती झाकली, तर घातलेले पाणी बऱ्याच जास्त दिवस पुरते. पाणी वाचवण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

योगायोग असा की, यासाठी लागणारा सगळा माल आपल्याकडे नेमका त्याच दिवसांत तयार होतो. शब-ए-बारातच्या आधी कब्रस्तानाची सफाई होते. वाळलेले गवत कापले जाते आणि बहुतेक ठिकाणी तिथेच पेटवून दिले जाते. त्यानंतर पंधरा दिवसांत रमजान लागतो. खजुरांची खोकी, फळांची खोकी, सरबताच्या बाटल्यांची खोकी. बाजारात, मशिदीच्या दारात, इफ्तारीच्या दस्तरखानामागे त्यांचे ढीग लागतात. आणि सध्याची काही वर्षे रमजान हिवाळा सरता सरता येतो आहे. २०२५ ची ईद ३१ मार्चला झाली. दरसाल दहा-अकरा दिवसांनी तो मागे सरकतो, त्यामुळे हा मेळ कायमचा नाही, पण आत्ता आहे. कापलेले गवत हाताशी, पुठ्ठा हाताशी, आणि समोर उन्हाळा. गवत जाळायचे आणि खोकी गटारात, हा आपला सध्याचा शिरस्ता. यात बदल करायला ना निधी लागतो, ना ठराव.

हिशेबही फार मोठा नाही. दीड फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच खोके उलगडले तर साधारण दहा चौरस फूट पुठ्ठा मिळतो. बुंध्याभोवती तीन फूट व्यासाचे आळे झाकायला सात चौरस फूट पुरतो, बाकीचा एकमेकांवर चढवायला. म्हणजे झाडाला एक खोके. पन्नास रोपांच्या कब्रस्तानाला पन्नास खोकी, आणि तीही रद्दीवाल्याने नाकारलेली. त्याच्याकडूनच मागून घ्या. कोपऱ्यात पडलेला भिजका माल कुणी उचलून नेत असेल तर त्याला आनंदच होईल.

काम करताना दोन-तीन गोष्टी सांभाळायच्या. चिकटपट्टी, पिना, वरचे चकचकीत लेबल, आतली प्लॅस्टिकची पिशवी आधी काढायची. मेणाचा किंवा प्लॅस्टिकचा थर दिलेले खोके घ्यायचे नाही. फाडून पाहिले की कळते. नुसता कागद सरळ फाटतो, थर असेल तर कड ओढली जाते. चहाचे कागदी कपही कागदी नसतात. त्यांना आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते, म्हणून ते मातीत नकोत. दुकानातली गुळगुळीत बिले, जी नखाने ओरखडली की काळी पडतात, त्यांच्यावर रसायनाचा लेप असतो, तीही नकोत. वर्तमानपत्राची शाई चालते का, असे पुष्कळ जण विचारतात. वर्तमानपत्रात भजी बांधू नका, असे अन्न सुरक्षा प्राधिकरण सांगते आणि ते योग्यच आहे, कारण गरम तेलात शाई विरघळून थेट पोटात जाते. झाडाखालच्या मातीची गोष्ट वेगळी. साध्या काळ्या छपाईचा कागद मी बिनदिक्कत वापरीन. गुळगुळीत रंगीत पुरवण्या आणि मासिके मात्र भाजीच्या वाफ्यात घालणार नाही.

आधी माती भरपूर भिजवायची, मग पुठ्ठा भिजवून अंथरायचा. हा क्रम उलटा केला तर घात होतो, कारण कोरडा पुठ्ठा छपरासारखे काम करतो आणि वरून शिंपडलेले पाणी बाजूला निघून जाते. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडायची. आळ्यात एक मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ठेवले आणि पाणी त्यातच भरले, तर पाझरत पाझरत ते मुळांना मिळते. मय्यतीला आलेला माणूसही जाता जाता एक तांब्या त्यात ओतू शकतो. पुठ्ठ्यावर ते कापलेले गवत, आणि त्यावर दोन-चार पाट्या माती. माती टाकायलाच हवी, कारण कब्रस्तानात उदबत्त्या पेटतात, विड्या फेकल्या जातात आणि वाळका पुठ्ठा आणि गवत क्षणात पेट घेते. दुसरे कारण बकऱ्या. आपल्या कब्रस्तानांतल्या बकऱ्यांना पुठ्ठा वर्ज्य नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. भोवती बाभळीच्या चार फांद्या टाकल्या की त्यांचाही बंदोबस्त होतो.

कातरलेल्या कागदाची तऱ्हा वेगळी. तो जाड थराने टाकला तर भिजून त्याचा लगदा होतो, वाळला की पापुद्रा बनतो, आणि मग ना पाणी आत जाते ना हवा. पाल्यात मिसळून पातळ टाकावा. त्याहून बरे म्हणजे घरातल्या ओल्या कचऱ्याच्या खतात तो कोरडा भाग म्हणून वापरावा. भाजीच्या देठांचे पाणी तो शोषून घेतो, वास येत नाही, आणि गांडुळांना असा ओलसर कागद फार मानवतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या ज्या भाभींना खताच्या डब्याला पाणी सुटते ही तक्रार असते, त्यांनी हे करून पाहावे.

आता एक अडचण, जी बाकीच्यांच्या घरात क्वचित येते, पण आपल्या घरात हटकून येते. कागदावर अल्लाहचे नाव असेल तर? लग्नाच्या कार्डावर बिस्मिल्लाह असते. उर्दू वर्तमानपत्रात जुम्याच्या दिवशी आयत आणि तिचा तर्जुमा असतो. असा कागद पायदळी येईल अशा ठिकाणी टाकायला हात धजत नाही, आणि धजूही नये. ही आपल्या घरांतली जुनी तालीम आहे. जमिनीवर पडलेला उर्दू कागदाचा कपटा उचलून भिंतीच्या फटीत खोवणाऱ्या आजीला आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. बऱ्याच मशिदींत मुकद्दस औराकसाठी पेटी असते. असा कागद तिथेच जावा, झाडाच्या आळ्यात नको. यात तडजोड सुचवायचा माझा इरादा नाही.

पण या अदबीत एक गंमत मात्र मला नेहमी दिसते. उर्दू कागद म्हटला की आपण जपतो, मग त्यावर सिनेमाची जाहिरात का असेना. आणि मराठी वर्तमानपत्रात अब्दुल्ला, रहमतुल्ला, अमानुल्ला अशी नावे रोज छापून येतात, ती आपण खुशाल पापडाखाली अंथरतो. म्हणजे अदब नावाची की लिपीची? माझ्यापुरते मी ठरवले आहे: मजकूर पाहायचा, लिपी नाही. ज्यावर आयत किंवा पाक नाव आहे तो कागद, मग तो मराठीत का असेना, बाजूला ठेवायचा. हे जिकिरीचे वाटत असेल तर वर्तमानपत्रे सरळ रद्दीत द्यावीत आणि झाडाला नुसता कोरा तपकिरी पुठ्ठा वापरावा. त्यावर जास्तीत जास्त छत्रीचे आणि बाणाचे चित्र असते. लग्नाच्या कार्डांबद्दल तर माझे मत आणखी कडक आहे. जे कार्ड पंधरा दिवसांत टाकलेच जाणार आहे, त्यावर आयत छापायचीच कशाला? हजार कार्डे छापून हजार घरांना त्या कार्डाचे काय करायचे या पेचात टाकणे हा अदब नव्हे. माझ्या ओळखीतल्या हिंदू मित्रांच्या घरीही लग्नपत्रिकांवरच्या गणपतीपाशी हाच पेच असतो. निदान या बाबतीत आपण एकमेकांचे दुःख जाणतो.

पुठ्ठ्यावर आक्षेप घेणारे जाणकारही आहेत आणि त्यांचे ऐकले पाहिजे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा चॉकर-स्कॉट या झाडांच्या अभ्यासक. त्या पुठ्ठ्याच्या आच्छादनाविरुद्ध वर्षानुवर्षे लिहीत आल्या आहेत. पुठ्ठा मातीची हवा अडवतो, पाणी अडवतो, त्यापेक्षा लाकडाचा भुगा-ढलप्या बऱ्या, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. म्हणूनच वर्षभर थरावर थर चढवत राहू नये, आणि जिथे पालापाचोळा भरपूर आहे, तिथे पुठ्ठ्याची गरजच नाही. पाला नेहमीच सरस. पण कब्रस्तानात नुसता पाला टाकला तर चैताच्या वाऱ्यात तो उडून जातो आणि त्यातून गाजरगवत वर येते. एक उन्हाळा, आळ्यापुरता, एकच थर. एवढ्याने झाडाचा श्वास कोंडत नाही. गाजरगवत याखाली दबते. हरळी कडेने वाट काढते, आणि लव्हाळा तर पुठ्ठाच काय, प्लॅस्टिकही भोसकून वर येतो. त्याला खुरपेच लागते.

दुसरा आक्षेप नत्राचा. कागदात कर्ब भरमसाठ आणि नत्र जवळपास नाहीच. तो मातीत कालवला तर कुजवणारे जिवाणू स्वतःच्या गरजेसाठी मातीतले नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळे पडते. म्हणून कागद मातीवर ठेवायचा, मातीत मिसळायचा नाही. वर शेणखताची एक पाटी टाकली तर उत्तमच.

वाळवीचे मात्र गोड बोलून भागत नाही. पुठ्ठा हे तिचे आवडते खाणे. मोठ्या झाडाचे ती फारसे बिघडवत नाही, पण कोवळ्या किंवा पाण्यावाचून सुकलेल्या रोपाची साल ती खाते. बुंध्याजवळ वीतभर जागा सोडायची ती यासाठीही. घराच्या भिंतीला लागून, लाकडी चौकटीखाली, मशिदीच्या जुन्या सागवानी खांबांच्या आसपास हा प्रयोग करू नका. आठ-पंधरा दिवसांनी एक कोपरा उचलून पाहायचा; मातीच्या नळ्या दिसल्या तर तो पुठ्ठा काढून टाकायचा.

कोकणातल्या वाचकांनी हे सगळे आपल्या पावसाच्या हिशेबाने घ्यावे. तिथे जूनमध्ये पुठ्ठा अंथरला तर पंधरा दिवसांत त्याचा चिखल होईल आणि त्याखाली गोगलगायी घर करतील. २०२२ मध्ये लातूर-बीडकडे गोगलगायींनी कोवळे सोयाबीन कसे फस्त केले, ते आठवत असेलच. ओल, सावली आणि लपायला जागा मिळाली की त्या वाढतात. पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरमध्ये, माती ओली असतानाच झाकावे. घाटावरही पावसाळा तोंडावर आला की उरलेला पुठ्ठा उचलून बघावा. जो मऊ झाला असेल तो तसाच राहू द्यावा, आणि नजरचुकीने राहिलेल्या चिकटपट्ट्या तेवढ्या वेचून घ्याव्यात.